कळ दाबल्यावरचा अंधार

मित्रांनो, जपानमधल्या ओनोमिची गावाच्या चढावर तोकुएसान या फोटोग्राफर बाईंचा स्टुडिओ होता, तिथला मी जुना कॅमेरा आहे. सांगणं मला नीट जमेल की नाही, कोण जाणे.

कारखान्यात माझ्या भिंगाशेजारी एक बारीक कळ बसवली गेली. ती दाबली की भिंगातलं छिद्र आवळतं आणि जवळचं-लांबचं किती स्पष्ट येईल, ते फोटोआधीच दिसतं. पण दिसतं अंधारात. म्हणून पुष्कळांनी मला बिघडलेला ठरवलं.

एका दुपारी आपल्या घराच्या फाटकापाशी तीन बहिणी फोटोसाठी उभ्या होत्या. धाकटी कानाको दुसऱ्या दिवशी कायमची ब्राझीलला निघणार होती. आमच्याकडे तिघांच्या फोटोतला मधला लवकर मरतो, असं मानतात.

"मी राहते मधे. माझं काय, झालं जगून," थोरली मित्सुयो म्हणाली.

"एवढ्यात? शेजारणीशी भांडणार कोण मग?" मधली हिसाए म्हणाली.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून अंथरुणाला खिळलेल्या आईचा आवाज आला, "अगं, मला बसवा. चौथी मी!"

उशांना टेकवून तिला खिडकीत बसवलं. ती फार वेळ बसू शकणार नव्हती. माझ्यातून मुली लख्ख दिसत होत्या, आई मात्र धुक्यातला ठिपका.

शेजारचे गोइचीसान आपला छोटा कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाले, "माझ्यात बघा, सगळं कसं लख्ख!"

"तुमच्या कॅमेऱ्याची बघायची खिडकी भिंगातून बघतच नाही. सगळ्यांशी गोड बोलते ती," तोकुएसान म्हणाल्या. त्यांनी छिद्राचं कडं फिरवलं, कळ दाबली. गोइचीसाननी वाकून पाहिलं.

"मेला की हो हा!"

"शुभ बोला!" हिसाए ओरडली.

स्टुडिओतल्या लाकडी कॅमेऱ्याच्या दुधी काचेत बघताना घेतात, ते काळं कापड तोकुएसाननी डोक्यावर ओढलं आणि डोळे सरावेपर्यंत थांबल्या. मीही हट्टाने थांबलो. हळूहळू अंधारातून आई वर आली, अजून पुसट. त्यांनी फोकस मुलींवरून जरा मागे नेला. आता कपाळावरची बट दिसली.

"हलू नका. आई, तुम्हीसुद्धा."

छिद्र लहान, प्रकाश कमी, म्हणून माझा पडदा उघडून सावकाश मिटला. आई हलली नाही.

पुढच्या वसंतात ती गेली. खूप वर्षांनी कानाको आली, तेव्हा तिच्याजवळच्या फोटोतली खिडकी बोट टेकून टेकून झिजली होती.

आता पाठीवरच्या पडद्यावर सगळं आधीच उजळून दाखवणारे कॅमेरे आले आहेत. चांगलंच आहे. माझी कळ मात्र न वापरल्याने अडते. मला ओलाव्यात ठेवू नका, मित्रांनो. अधूनमधून ती दाबा, आणि अंधार झाला म्हणून लगेच डोळा काढू नका. मागे खिडकीत कुणीतरी ताठ बसलेलं असतं.