तेकलेचा दहावा

तेकलेचं चरित्र मी लिहायला घेतलं ते कुणी छापावं म्हणून नव्हे. सयाजी दर सोमवारी यावा म्हणून घेतलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तेकले हा आफ्रिकेतल्या एरिट्रियाचा बंडखोर. इटलीवाल्यांनी त्याचं शेत आपल्या माणसांना वाटून टाकलं, तेव्हा त्याने मुकादमाला कड्यावरून लोटलं आणि डोंगर धरला. नऊ वर्षं तो सापडला नाही. शेवटी चुलत्याने दगा दिला आणि भर बाजारात त्याला फाशी झाली. पस्तीस वर्षं वाईच्या शाळेत मी इतिहास शिकवला, पण हे नाव मला कुठल्याही पुस्तकात भेटलं नाही. ते मला सयाजीने सांगितलं.

सयाजी लोणंदजवळचा, मराठा पलटणीतला निवृत्त नाईक. एकेचाळीस साली तिकडे केरनच्या लढाईत त्याच्या मांडीत गोळी घुसली. इस्पितळात पाणी भरणारा याकोब नावाचा म्हातारा बंदरावर गुजराती व्यापाऱ्याकडे राहून मोडकं हिंदी शिकला होता. तेकलेला फासावर चढताना त्याने लहानपणी पाहिलं होतं. सयाजी दोन महिने खाटेवर पडून ते ऐकत होता.

सोमवारी वाईचा बाजार. पिशवी भरली की तो माझ्याकडे यायचा.

"मास्तर, कुठवर आला आपला गडी?"

"चुलता फितूर झाला, तिथवर."

"मग चष्मा पुसा आन् लिवा. त्या इटलीवाल्यांच्या टोपीला कोंबड्याची पिसं असायची बगा. आमी म्हणायचो, ही लढाईला आल्यात का लगनाला?"

मी हसायचो. त्या हसण्यानंतर पुढचे सहा दिवस माझ्या घरात कुणी बोलत नसे. पत्नीला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

असंच एका सोमवारी त्याने शेवट सांगितला. "दहाव्याला कावळा शिवंना. समदी उन्हात हुबी. मग थोरला भाऊ फुडं झाला, म्हणाला, आईची काळजी करू नगं, मी हाय. तसा कावळा आला." मी ते जसंच्या तसं उतरवलं. लिहिताना डोळेही भरून आले.

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात मी शुद्ध प्रत करायला बसलो. माझ्या खिडकीतून नदीचा घाट दिसतो. त्या सकाळी तिथे एक कुटुंब पिंड मांडून कावळ्याची वाट पाहत उभं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग समोरच्या पानाकडे पाहिलं, आणि लाजेने कान तापले. तेकलेच्या गावात चर्च होतं. ते लोक मेलेल्या माणसाला पुरतात. तिथे पिंड कुठला आणि कावळा कुठला? रोज खिडकीतून हेच बघत आल्यामुळे मला ते खटकलंच नव्हतं. एवढं खोटं असेल तर बाकीच्याचं काय, असंही वाटून गेलं. मी लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारून तो परिच्छेद खोडला.

सोमवारी सयाजीने पान हातात घेतलं. पलटणीत तो वाचायला शिकला होता.

"ही लाल रेघ कशाची?"

"सयाजीराव, त्या लोकांत दहावा नसतो. याकोब खरंच असं म्हणाला होता?"

त्याने पान खाली ठेवलं. "त्यो न्हाई तसं म्हणाला."

"मग कोण म्हणालं?"

त्याने पिशवी उचलली. "यष्टी चुकंल माजी." यष्टीला तासभर अवकाश होता.

पुढचे तीन सोमवार तो आला नाही. पुस्तक खरं हवं की सयाजी हवा, हे मी स्वतःला तीनदा विचारलं, आणि दर वेळी माझं उत्तर बदललं. चौथ्या आठवड्यात वही घेऊन मी यष्टीत बसलो. न बोलावता कुणाकडे जाण्याची मला सवय नाही. त्याच्या गावात उतरल्यावर परत फिरावं असंच वाटत होतं.

सयाजी रानात गेला होता. त्याची बायको अंजनाबाई हिने पाणी दिलं. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता.

"माजं धाकलं दीर, लालासाहेब. बेचाळीसच्या चळवळीत हुतं. तरेचाळीसला खाली वाळव्याकडं पोलिसांची गोळी लागली. ह्यांच्या अंगावर तवा त्याच सरकारची वर्दी."

"सयाजीराव आले होते?"

"कुठलं यायला? दोन म्हैन्यांनी पत्र गावलं. दहाव्याला कावळा शिवलाच न्हाई. तिनीसांजपतोर थांबलो. मी म्हणलं, मामंजी म्हणलं, कायच न्हाई. शेवटाला भटजीनं दर्भाचा कावळा केला. थोरल्या भावाचा शबूद पायजे हुता त्यास्नी. सासूबाई तर म्हैन्यात गेल्या."

ती चहा ठेवायला आत गेली. मी वही मांडीवर घेतली, लाल रेघेचं पान फाडलं आणि तो परिच्छेद नव्याने लिहिला. एक शब्दही बदलला नाही. इतिहासाच्या मास्तराने हे करावं का, हे मला अजूनही कळलेलं नाही.

सयाजी दारात आला. "आँ? मास्तर, वाट चुकलासा व्हय?"

"पुस्तक पुरं झालं. वाचून दाखवायला आलोय."

तो उंबऱ्यावरच बसला. मी वाचू लागलो. कावळ्यापाशी आलो तेव्हा त्याने टोपी काढली.

"ती वळ पुन्यांदा वाचा."

मी वाचली. "आईची काळजी करू नको, मी आहे."

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा वाचताना त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. मी वही मिटली.

"संपलं?"

"संपलं."

"बरं केलंसा," तो म्हणाला, आणि मला यष्टीपर्यंत पोचवायला आला.

पुस्तक संपलं होतं, तरी पुढच्या सोमवारी मी सवयीने दोन कप विसळून ठेवले. चार वाजता बाजार उठला. लोणंदची गाडी भरून निघाल्याचा आवाज आला. मी एक कप परत फळीवर ठेवला आणि एकट्यापुरता चहा टाकला.