चोरखमारा-१ ची ढोली

सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला दुर्गेश्वरी रहांगडालेचं शिलाईचं दुकान आहे. तिथं ब्लाऊज टाकायला आलेली नवी बाई आधी वर बघते आणि आपण कशाला आलो तेच विसरते. वरच्या फळीवर खरी यानं: चंद्रावर उतरलेला लँडर, मंगळाभोवती फिरलेलं यान, दोन रॉकेटं. सगळी पत्र्याची, छत्रीच्या काड्यांची, मिठाईच्या डब्यातल्या सोनेरी कागदाची. खालच्या फळीवर दुर्गेश्वरीच्या स्वतःच्या डोक्यातली यानं. ती अजून कुणी बांधलेली नाहीत, आणि कुणी कधी बांधेल याची खात्री फक्त तिलाच आहे.

हे खूळ तिला लागलं एका बातमीतून. यानाला ऊन-थंडीपासून वाचवणारी सोनेरी चादर म्हणे शिवावी लागते, टाका घालून. झालं. यानाला शिंपी लागतो हे कळल्यावर ही बाई गप्प बसते होय? जिथून मिळेल तिथून तिनं वाचलं, चित्रं जमवली, आणि बारा वर्षं गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून वेळ काढून यानं केली.

त्यातलं लाडकं म्हणजे चोरखमारा-१. तिचं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाजवळचं, म्हणून ते नाव. सहा माणसं दोन वर्षं आत राहतील असं यान. झोपायला झोळ्या, पाण्याच्या टाक्या, आणि मधोमध तांदळाची ढोली. गावाकडे धान ठेवायची जशी असते तशीच उभी, बुडाशी लहानसं दार ठेवलेली. दार सरकवलं की तांदूळ भदभद खाली. भाताच्या मुलखातली बाई यानात आधी तांदळाचीच सोय बघणार, दुसरं काय बघणार?

प्रत्येक यानाचा मोठ्या कागदावर नकाशा होता. उजव्या कोपऱ्यात चौकट, खऱ्या इंजिनिअरांच्या नकाशात असते तशी. 'काढणार' पुढे तिचं नाव. 'तपासणार' पुढे कोरं. बारा वर्षं कोरं. तिचा नवरा ओमेश, खताचं दुकान चालवणारा भला माणूस, एकदा म्हणाला होता, "मी करून देतो ना सही."

"तुमाले का समजते त्यातलं?" ती म्हणाली, आणि विषय संपला. समजणाऱ्या माणसानं एकदा, फक्त एकदा, आपलं काम नीट बघावं, एवढंच तिला हवं होतं. असा माणूस तालुक्यात नव्हता.

आणि मग तो आला. सौंदडचे चंद्रकुमार बिसेन, रॉकेटच्या इंधनाच्या टाक्या करण्यात तीस वर्षं घालवून रिटायर झालेले, पुतणीच्या लग्नासाठी गावात उतरले होते. गुरुवारी सकाळच्या गाडीनं जाणार होते. दुर्गेश्वरीला हे कळलं मंगळवारी. तासाभरात चोरखमारा-१ जुन्या साडीत गुंडाळून ती ओमेशच्या गाडीवर मागे बसलेली होती.

बिसेनांच्या ओसरीवर साडी सोडली तशी चंद्रकुमारांची वहिनी गीताबाई पदर सावरत आली. "का आनलं वं पोरी हे? रुखवताचं राहून गेलं होतं का?"

बायका हसल्या. चंद्रकुमार हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, नकाशा पसरला, आणि अर्धा तास एकेक रेघ बोटानं तपासली.

"पायांना एवढ्या रुंद वाट्या कशाला?" त्यांनी विचारलं.

"धानाच्या बांधीत, चिखलात, पाय रुतते सर. तिथली माती कशी हाये, कोनाले ठाऊक."

त्यांनी मान डोलावली. खिशातून पेन काढलं. मग त्यांचं बोट ढोलीवर थांबलं.

"हे दार खाली आहे."

"हो सर. सरकवलं का तांदूळ खाली येते."

"तिथं खाली म्हणजे कुठं?"

दुर्गेश्वरीनं दार सरकवून दाखवायला पुढे केलेला हात मागे घेतला. तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? तिथं वजन राहत नाही, सगळं तरंगतं, हे तिनंच अख्ख्या आळीला सांगून सांगून पिडलं होतं. झोळीतल्या माणसांना तिनं पट्टेसुद्धा लावले होते. पण ढोली म्हटली की दार खालीच, इतकं ते हातात बसलेलं. बारा वर्षांत तांदळाजवळ आल्यावर तिचं डोकं एकदाही पुढे गेलं नव्हतं.

चंद्रकुमारांनी पेनला टोपण लावलं. "ढोली दुरुस्त करा, मग सही करतो. न पटलेल्या नकाशावर मी कधी सही केली नाही."

परतीच्या वाटेवर ती मागे बसून पदरानं डोळे पुसत होती. ओमेशनं आरशात बघितलं. "काऊन रडून राहिली वं?"

"रडून नाही राहिली. डोळ्यात माती गेली."

"त्यानं अर्धा घंटा पाह्यलं तुहं काम. माह्या दुकानात कंपनीचा साहेब पाच मिनिटं नाही बसत."

ते खरंच होतं. पण त्या वेळी तिला ते ऐकून आणखीच राग आला, आणि तो सगळा स्वतःवरच होता.

बुधवारी ती दुकानात बसली ती तोंड पाडूनच. समोर चंदा, शेजारची, परकरासाठी खोळंबलेली. दुर्गेश्वरीनं नाडीला पिन लावली, नेफ्यातून सरकवत सरकवत बाहेर काढली आणि सवयीनं ओढून बघितली. कापड चुण्या घेत आवळलं. तिनं सैल केलं. पुन्हा ओढलं. पुन्हा आवळलं.

"का झालं?" चंदानं विचारलं.

"थांब जराशी."

तांदूळ आपणहून येत नाही ना, मग त्याला ढकलायचा. तिनं पॉपलिनची लांब पिशवी शिवली, तोंड वर ठेवलं, बुडापासून वरपर्यंत पाच नेफे घातले आणि पाचांत पाच नाड्या ओवल्या. तांदूळ भरून खालची नाडी ओढली. कापड खरखरीत, दाणे जागच्या जागी अडकून बसले. तिनं पिशवी उसवली नाही, सरळ बाजूला टाकली आणि अस्तराचं गुळगुळीत साटीन काढलं. चंदा म्हणाली, "अन माहा परकर?"

"उद्या ने."

"उद्या नेतो, पन आज का नेसू?" चंदा म्हणाली, पण उठली नाही. तिलाही आता बघायचं होतं.

साटीनच्या पिशवीची खालची नाडी ओढली आणि वरच्या तोंडाशी तांदूळ फुगून आला. दुसरी ओढली, काठावरून सांडला. इथं वजन असताना वर चढतो, तर जिथं वजनच नाही तिथं येणार नाही होय? तोंड सरळ कुकरच्या तोंडाला बांधायचं, म्हणजे दाणा उडायची भीती नाही. ओमेश जेवायला बोलवायला आला होता, तो दारातच थांबला.

"तांदूळ चढून राहिला वं," तो म्हणाला.

गुरुवारी सौंदडच्या स्टेशनावर ओमेशच्या गाडीवरून उतरून ती धापा टाकत फलाटावर पोचली, मागून ओमेश, तेव्हा बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीचा सिग्नल पडला होता. चंद्रकुमार बाकावर बसले होते, गीताबाईनं दिलेल्या पिशव्या सांभाळत. दुर्गेश्वरीनं नमस्कारसुद्धा केला नाही. यानातल्या ढोलीचं झाकण काढलं, रात्रीच आत बसवलेली पिशवी दाखवली आणि खालची नाडी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ओढली. तांदूळ वर आला. दुसरी ओढली. मग तिसरी, चौथी, पाचवी, एखाद्या पोरानं ओढावी तशी, आणि तांदूळ त्यांच्या पँटवर सांडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"आमच्या टाकीत हेच असतं," ते म्हणाले. "इंधनही तिथं खाली पडत नाही. म्हणून आत रबराचा पडदा बसवतात, मागून वायूचा दाब देतात, की इंधन तोंडाकडे जातं. तुम्ही वायूच्या जागी नाडी लावली. हे कुठं वाचलं?"

"वाचलं नाही सर. परकर शिवून राहिली होती."

चंद्रकुमार पँटवरचे दाणे झटकत उठले. मग तिच्या काखेतल्या दुरुस्त नकाशाकडे हात करून म्हणाले, "आना तो कागद." तीस वर्षं बाहेर काढलेल्या माणसाच्या तोंडून गावची बोली निघाली, आणि गाडीही तेवढ्यात फलाटाला लागली. त्यांनी बाकावर कागद टेकवून काहीतरी लिहिलं, घडी करून तिच्या हातात दिली आणि पिशव्या उचलून डब्यात चढले. गाडी हलली तसे दारात आले.

"बाई, संडासाचं पण बघा. त्याचंही तोंड खालीच हाये."

अख्खा फलाट हसला. दुर्गेश्वरीही हसली, पदर तोंडाला लावून. गाडी फाटकापलीकडे गेल्यावर तिनं घडी उलगडली. 'तपासणार' पुढे चंद्रकुमार बिसेन, तारीख, आणि खाली बारीक अक्षरात: 'ढोलीपुरते'.

ओमेशनं तिच्या खांद्यावरून वाचलं. मग तिच्याकडे बघितलं. "आता काऊन रडून राहिली?"

"आता खरंच रडून राहिली," ती म्हणाली. "गाडी हळू चालवा. कागद चुरगळला तर बघा."