माझ्या पाठीवरचा शब्द

मी वच्छलाची तीनचाकी बोलतेय. हातानं पॅडल मारून चालवतात, ती. आमगावच्या अलीकडं, धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही मला पाहिलं असेल आणि पटकन दुसरीकडं पाहिलं असेल. ते मला चालतं. मला किळस येते ती थांबून गोड बोलणाऱ्यांची.

गोंदियात एका मैदानावर, सरकारी वाटपासाठी, माझ्यासारख्या कितीतरी जणी रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीला पत्रा आणि पत्र्यावर मोठ्या अक्षरात 'अपंग'. वर बसणारी कोण, हे ठरायच्या आधीच तिचं नाव रंगवून तयार होतं.

मी वच्छलाच्या वाट्याला आले. लहानपणी तापात तिच्या पायांतलं बळ गेलं, ते परत आलं नाही. घरच्या पडवीत ती हातमशीनवर ब्लाउज शिवते. तिच्या हाताची फिटिंग अशी की आजूबाजूच्या गावांतून बाया यायच्या. "लंगडीकडं टाक व, मस्त शिवते," असं एकमेकींना सांगायच्या, तेही तिच्यासमोर. वच्छला दातात टाचणी धरून म्हणायची, "लंगडी मशीन नाई चालवत, वच्छला चालवते." बाया हसायच्या आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच म्हणायच्या. मला शिसारी यायची. पण कापड येत होतं.

मग बसस्टॉपजवळ ग्रामपंचायतीनं गाळे बांधले. एक गाळा वच्छलाला मिळाला. तिथं मशीन मांडायची, 'वच्छला टेलर' अशी पाटी लावायची, एवढंच तिच्या मनात होतं. पण गाळ्याचा ओटा माझ्या आसनाएवढा उंच. उतार बांधून द्या म्हणून ती सरपंचांकडं, योगराजभाऊंकडं, खेटे घालू लागली. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "होऊन राहिलं व, थोडा सबर कर."

उतार झाला नाही. कार्यक्रम झाला. पेंटर आला, माझ्या पाठीवरचा 'अपंग' त्यानं रंगाखाली गाडला आणि वर पिवळ्या रंगात 'दिव्यांग' काढलं. स्टेजला पायऱ्या होत्या, म्हणून वच्छला खालीच राहिली. योगराजभाऊ खाली उतरले, हार घातला, फोटो काढून घेतला आणि वर जाऊन माइकवर म्हणाले, "आजपासून यांना कोणी अपंग म्हणायचं नाही. यांच्या अंगात दिव्य शक्ती आहे!" टाळ्या पडल्या. अख्ख्या भाषणात वच्छलाचं नाव एकदाही आलं नाही.

स्टेजपुढं शेजारची म्हातारी बायजाबाई बसली होती. दिव्यांग, अंगात दिव्य, असं काहीबाही तिच्या कानावर पडलं आणि तिनं तिच्या ओळखीचा अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नारळ घेऊन दारात.

"सरपंचानंच सांगतलं ना व, तुया आंगात देव हाय. माया नातवाचं लगन काऊन जमत नाई, विचार बरं."

"माया आंगात कंबरदुखी हाय, बायजामाय," वच्छला हसत म्हणाली.

पण ते हसणं टिकलं नाही. बायजाबाईनं गावभर सांगितलं. बाया ओटी घेऊन येऊ लागल्या. माझ्या चाकांना हळदकुंकू, हँडलला लिंबू-मिरची. कुंकवानं माझी साखळी जाम झाली. आणि कापड यायचं बंद झालं. देवीकडून माप घ्यायचं? तिच्या मांडीवर आपला वापरलेला, मापाचा ब्लाउज टाकायचा? पाप लागेल! सगळ्या जणी शिवायला आमगावला जाऊ लागल्या. मशीनवर धूळ बसली. तिकडं मैदानात पोरांना मात्र नवा शब्द फार आवडला. कोणाच्या हातून कॅच सुटला की ओरडत, "दिव्यांग हायस का बे?" एवढ्या थाटात आणलेला शब्द, आणि शिवी व्हायला त्याला वेळ लागला नाही.

वच्छलाची वहिनी मंजू हुशार. एकदा हळूच म्हणाली, "बाई, एकदा घुमून घे ना. उतार बांधा, असं देवानं सांगतलं म्हण. दोन दिवसांत बांधून देतीन." मला ते पटलं. ज्यांना माणूस कळत नाही, त्यांना देवाच्या तोंडून सांगावं, त्यात काय बिघडलं?

त्याच आठवड्यात योगराजभाऊ स्वतः आले. निवडणूक जवळ आली होती. पडवीत बाया जमल्या होत्या. भाऊंनी माझ्या चाकापाशी नारळ ठेवला, हात जोडले आणि विचारलं, "माय, यंदा सीट निघन का?" माझ्या अंगावर काटा आला, किळसेनं.

वच्छलानं अंबाड्याला हात घातला. केस सुटले. बायांनी हात जोडले. मंजू दाराआडून पाहत होती. मीही वाट पाहत होते.

वच्छलानं केस पुन्हा गोळा केले आणि घट्ट बांधले.

"योगराजभाऊ, देवासाठी उतार बांधसान, अन् देव उतरला का तोडसान. उतार मांगून राहिली ते वच्छला. तिच्यासाठी बांधता का?"

योगराजभाऊंनी नारळ उचलून परत पिशवीत टाकला. देव रुसला, देव रुसला, असं पुटपुटत बायाही उठल्या. त्या संध्याकाळी वच्छला खूप रडली. मग रॉकेलचा बोळा आणि जुनी कात्री घेऊन माझी पाठ खरवडत बसली. 'दिव्यांग' गेलं, खालचं 'अपंग'ही गेलं. मला ओरखडे पडले, पण हलकं वाटलं.

पुढं काही दिवसांनी बायजाबाई आली. काखेत ब्लाउजपीस होता. बराच वेळ उंबऱ्यात घुटमळली.

"लंगडी म्हणलं तं तुले राग येते. देवी म्हणलं तं राग येते. मंग म्हणू तरी काय तुले?"

वच्छलानं टेप गळ्यात टाकला. "माया बारशाले पाळण्यापाशी तूच होतीस ना व, बायजामाय?"

म्हातारीनं काखेतला ब्लाउजपीस हातात घेतला. मग आत येऊन बसली आणि म्हणाली, "वच्छला, बाही जराशी ढिली ठेवजो."

गाळ्याला अजून कुलूप आहे. उतार झालेला नाही. कापड थोडं थोडं येतंय. माझ्या उघड्या पत्र्यावर वच्छला रोज सकाळी शिवणाच्या खडूनं आपलं नाव लिहिते. संध्याकाळपर्यंत धुळीनं ते पुसलं जातं. या रस्त्यानं आलात तर नारळ आणू नका, कापड आणा. आणि पुसलं जायच्या आधी ते नाव एकदा मोठ्यानं वाचा.