खिळ्यावरचा बिल्ला

सकाळी दहाला नूकरत्नमच्या पडद्यावरचे लाल ठिपके एकदम हिरवे झाले. "सिंहाद्री अप्पन्ना, पावलास रे बाबा!" म्हणत तिने हात जोडले आणि डब्यातल्या पेसरट्टूचा, मुगाच्या डोशाचा, तुकडा मोडला.

विशाखापट्टणच्या त्या खत कारखान्यात दोन सॉफ्टवेअर होती, एक दुरुस्तीच्या कामांचं, दुसरं यंत्रांना कुलूप घालण्या-काढण्याच्या परवान्यांचं. पहिल्याचे निरोप दुसऱ्याला पोचवायचे आणि पोचले की नाही यावर डोळा ठेवायचा, ही तिची नोकरी. काल संध्याकाळचे अकरा निरोप अडकले होते. आज आल्या आल्या तिने ते न वाचताच एकगठ्ठा पुढे ढकलले होते.

घास चावता चावता नजर यादीवर गेली. 'टाकी सात. काम संपले. कुलूप काढा.' हा कालचा. आणि आज आठ वाजताचा, 'टाकी सात. काम अपुरे. माणूस पुन्हा आत.' आजचा आधीच पोचला होता, कालचा आत्ता. परवान्यांचं सॉफ्टवेअर बापडं शेवटी कानावर पडेल तेच खरं मानणारं.

तिने डबा बाजूला सारला. सातमध्ये सफाईवाला पैडिराजू तळ खरवडायला उतरला होता. कुलूप निघालं म्हणजे आम्लाचा पंप सुरू करायला मोकळीक!

तिने पंपघराला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. घाईत आकडे चुकले, तिसऱ्यांदा लावला. नारायणा, उचला रे कुणीतरी!

"हां, कोण?" अप्पलनायुडू. पंपघराचा जुना मुकादम, देवळात हरिकथा सांगणारा, सगळ्यांचा बाबाय, म्हणजे काका.

"बाबाय, सातचा पंप..."

"पडद्यावर हिरवं आलंय अम्मा. सोडा म्हणतंय."

मागे घरघर ऐकू येत होती. "सोडलात?" स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना.

"किंचाळतेस काय? ही घरघर सहाची. सातच्या तोंडाशी जाऊन आत्ताच बघून आलो. खिळ्यावर पैडिराजूचा पितळी बिल्ला लटकतोय. बिल्ला खिळ्यावर तोवर माणूस आत, आमच्या बापजाद्यांचा नेम. तुझं यंत्र म्हणजे रामाने शिवधनुष्य मोडायच्या आधीच मंगलाष्टकं म्हणणारा हरिदास गं!"

तिला हुंदका फुटला. तो खदखदून हसला. मग हसणं अर्ध्यावर तोडून त्याने विचारलं,

"अम्मा, असे किती ढकललेस?"

"अकरा."

"बाकीचे दहा वाच. सावकाश. बिल्ल्याचे खिळे फक्त टाक्यांना आहेत."

ती वाचू लागली. पहिला. "हां, पुढचा." दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी तो खिडकीतून कुणाला तरी हाक मारून विचारायचा आणि पुढचा वाच म्हणायचा.

पाचवा. "भुकटीचा सरकता पट्टा. काम संपले. कुलूप काढा."

रिसीव्हर टेबलावर आदळला. बूट धावत गेले. लांबून आरोळी आली, "ए, बटणावरचा हात काढ! पट्ट्यावर माणूस आहे!"

नूकरत्नम डोळे मिटून अप्पन्नाचं नाव घेत राहिली, किती वेळ ते तिलाही कळलं नाही.

मग रिसीव्हर उचलल्याचा आवाज. धापा.

"उतरवला त्याला खाली. सहावा वाच, अम्मा."