बर्फाला कान लावणारी माणसं

हसू नका मित्रांनो! कडी तुटलेली, कमरेला पट्टा आवळलेला, अशी दिसत असले तरी मी काही अडगळ नाही. मी एक जुनी लसपेटी आहे आणि तुमच्या पेल्यातल्या दुधात माझाही थोडा वाटा आहे. म्हणाल, आपल्याच तोंडाने आपली स्तुती! करू द्या की, दुसरं कोण करणार?

कारखान्यात माझ्या दुहेरी भिंतींत फेस भरला, तो सुकला आणि माझ्या पोटात गारवा टिकू लागला. मला घेऊन गेल्या जनावरांच्या एक डॉक्टरबाई. लाळ-खुरकत नावाच्या रोगाने त्यांची झोप उडवली होती. गाईच्या तोंडात फोड येतात, खुरांना जखमा होतात, दूध आटतं आणि घरोघरी पोरांच्या पोटाला चिमटा बसतो. बाईंनी प्रयोगशाळेत सहा वर्षं खपून या रोगावर नवी लस तयार केली. ती पहिल्यांदा डोंगरावरच्या कुरणात न्यायचा मान कोणाला? अर्थात मला!

गाडीवर होते सावकाशमामा. हे नाव त्यांच्या वेगावरून पडलेलं. कुरणाखालच्या पुलापलीकडच्या खोऱ्यात रोग येऊन ठेपला होता आणि ऊन तर मी म्हणत होतं. लसीला ऊन लागता कामा नये, असं बाईंनी मामांना शंभरदा बजावलं होतं. म्हणून मामांनी दगडासारख्या कडक बर्फाच्या थैल्या फ्रीजरमधून काढल्या आणि तशाच माझ्या पोटात ठासल्या, बाटल्यांना अगदी चिकटवून. मीही वेडी, गारेगार होऊन मिरवत निघाले.

वर तीनशे गाई रांगेत उभ्या होत्या. सगळे जिला आत्या म्हणत ती म्हातारी आपल्या अकरा गाई घेऊन सर्वांत पुढे. बाईंनी झाकण उघडलं, एक बाटली उचलली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. लस गोठली होती! ही लस उन्हाने वाया जाते, तशीच गोठूनही वाया जाते. वितळल्यावर ती वरवर पहिल्यासारखीच दिसली असती. तशीच टोचली असती तरी तिथे कोणाला पत्ता लागला नसता.

बाईंनी सगळ्या बाटल्या बाजूला काढल्या. "ही लस गेली," त्या लोकांना म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी मामांना उन्हाचं सांगितलं, गोठण्याचं सांगायचं राहूनच गेलं."

मामा मान खाली घालून उभे. दिवस फुकट गेला म्हणून लोक चिडले, दोघे-तिघे तर गाई घेऊन परत निघाले. आत्याने त्यांना काठी आडवी घातली. "न सांगता टोचलं असतं तर आपल्याला काय कळणार होतं?" ती म्हणाली, आणि मग बाईंकडे वळली. "जा, दुसरी आणा. तोवर पूल आम्ही अडवून धरतो, पलीकडचं जनावर येऊ देत नाही."

काय सांगू मित्रांनो! सावकाशमामांनी गाडी अशी पिटाळली की एका वळणावर माझी कडीच तुटली. प्रयोगशाळेत मात्र त्यांनी घाई केली नाही. बर्फाच्या थैल्या बाहेर मांडल्या आणि एकेक कानाशी धरून हलवून पाहू लागले. आत थोडा बर्फ वितळून पाणी खळखळलं, म्हणजे आता ती लस गोठवणार नाही, की मगच थैली माझ्या पोटात, आणि थैली-बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठा. शेवटी स्वतःच्या कमरेचा पट्टा काढून त्यांनी मला करकचून बांधलं आणि एका हाताने विजार सावरत गाडीत बसले.

दुसऱ्या सकाळी तीनशेच्या तीनशे गाईंना लस टोचली! पण ती अंगी लागायला आठ-दहा दिवस हवेत. तेवढे दिवस आत्याने पुलावरून परकं जनावर येऊ दिलं नाही आणि माणसांनाही औषधाच्या पाण्यात पाय बुडवायला लावले. बाराव्या दिवशी लाळ गाळत एक मोकाट बैल नदीतूनच अलीकडे आला आणि थेट कळपात शिरला. पुढचे पंधरा दिवस बाई रोज एकेक जबडा उघडून पाहत होत्या. एकाही गाईला फोड नाही! मामा आत्याच्या गोठ्यात अक्षरशः नाचले.

मग ती लस देशोदेशी गेली. जगातल्या सगळ्यांना पोटभर कसं मिळेल, यावर एकदा मोठी सभा भरली होती. बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि बड्या-बड्या साहेबांना बर्फाच्या थैल्या कानाला लावायला सांगितल्या. सगळी सभा खळखळ ऐकत बसली! ही युक्ती कोणाची, असं एकाने विचारलं, तेव्हा बाईंनी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मामांना उभं केलं. टाळ्या थांबेनात आणि मामांना काही डोळे पुसायचे सुचेना.

आता मी नव्या डॉक्टरांच्या शिकवणीच्या खोलीत असते. मित्रांनो, कोणालाही जपायचं तर मायेने ठासून भरू नका, आधी कान लावा. चुकलात तर तिथल्या तिथे सांगून टाका. आणि मला पुसा, धुवा, हवी तर नवी कडी बसवा, पण हा पट्टा सोडू नका. मामा आता नाहीत, तो परत मागायला कोणी येणार नाही.