खुब्याचा दुसरा एक्स-रे

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चौदा मिनिटांनी साताऱ्याच्या तपासणी केंद्रातून मनुबाई विरकर यांच्या खुब्याचा एक्स-रे सांगलीला गेला. सोबत चिठ्ठी नव्हती. तिथं एक्स-रे काढणाऱ्या संयोगिता शिर्केच्या हातून सतरा वर्षांत बिनचिठ्ठीचा खुबा कधी गेला नव्हता. आज तिनं तो ठरवून पाठवला.

केंद्राचे मालक डॉ. सुमंत सांगलीला बसतात आणि साताऱ्याचे एक्स-रे तिथून बघतात. तीन महिन्यांपासून त्यांच्याआधी एआय बघतं. हाड मोडलंय की नाही ते सांगतं, वर एक्स-रे काढणाऱ्यालाही गुण देतं. खुब्याच्या एक्स-रेत पायांचे अंगठे आत वळवलेले लागतात. पण हाड मोडल्याची शंका असली, तर पायाला हात लावायचा नसतो. आहे तसा काढायचा, मग बाजूनं दुसरा काढायचा, आणि काय दिसलं ते चिठ्ठीत लिहायचं. संयोगिता तेच करत आली होती. मशीनला मात्र अंगठे बाहेर दिसले की ते गुण कापायचं. असे अवघड पेशंट तिच्या खोलीत ढकलायचा तिथलाच दुसरा एक्स-रे काढणारा, वीरधवल. "ताई, तुमचा हात हलका हाय," असं म्हणून तो स्वतः छातीचे सरळसोट एक्स-रे काढत बसायचा.

गेल्या शनिवारी सांगली-साताऱ्याच्या ऑनलाइन बैठकीत डॉक्टरांनी सगळ्यांसमोर पडद्यावर गुण लावले. वीरधवल चौऱ्याण्णव, संयोगिता एकसष्ट.

"काय संयोगिताताई, हात थरथरायला लागले की काय?" डॉक्टर म्हणाले. सांगलीतली चार माणसं हसली. "आणि त्या चिठ्ठ्या बंद करा आता. मशीन चित्र वाचतं, निबंध नाही. एक तारखेपासून साताऱ्याचं सगळं वीरधवल बघेल."

 तिनं घरी जाऊन भाकरी थापल्या, जेवली, झोपली. रविवारी तिच्या मनात सगळं पक्कं झालं होतं. खुब्याचा पेशंट रोज एक तरी येतोच. मशीनला हवा तसा एक्स-रे द्यायचा, ते चुकेल तेव्हा डॉक्टरांची सही होऊ द्यायची, आणि मग चारचौघांत त्यांचं नाक कापायचं.

मनुबाई म्हसवडहून आली होती, गोठ्यात घसरून. पोरगा जोतीराम फौजेतून निवृत्त झालेला, आईला दंडाला धरून चालवत आणलं त्यानं. उजवा पाय किंचित बाहेर पडत होता. संयोगितानं ते दारातच हेरलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिनं आधी चाकाची खुर्ची मागवली असती.

"आजी, अंगठा आत घ्यायचाय."

"न्हाई जमत गं बाय. लय दुकतंय."

"घ्यावा लागतोय. मशीनला तसाच पायजे."

तिनं तो पाय हळूहळू आत वळवला. म्हातारीनं टेबलाची कड घट्ट धरली, पण ओरडली नाही. पडद्यावर हिरवी खूण उमटली, गुण शंभर. मग संयोगितानं पाय सोडला आणि बाजूनं दुसरा एक्स-रे काढला. हाडाच्या मानेवर, समोरून न दिसलेली, बारीक, तिरकी चीर होती. वरचा भाग जरासा मागं झुकलेला. नजरेतून सुटावं असं काही नव्हतं. हा दुसरा तिनं पाठवला नाही.

नऊ तेवीसला सांगलीहून रिपोर्ट आला. फ्रॅक्चर नाही. खाली डॉ. सुमंत यांची सही. तिनं त्याची एक प्रत छापून पर्समध्ये घातली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

अकराला जोतीराम पेढे घेऊन आला. खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं होतं, मुका मार आहे, चालतं ठेवा.

"आज जरा टेकू द्या त्यांना," संयोगिता म्हणाली. "चालवू नका."

"आवं मॅडम, रिपोर्ट तर एकदम क्लिअर हाय की! फौजेत आमाला सांगायचे, पडला की उठून चाल, न्हाईतर आखडशील. आन् आई काय ऐकतीय व्हय? धारंला बसायची घाई झालीय तिला."

तिच्या ओठावर शब्द आला होता. मागं वीरधवल दारात उभा राहून हसत होता. "शंभर गुण, ताई! शिकलात म्हणायचं." ते ऐकलं आणि तिनं तोंड मिटलं. पाचला सांगलीबरोबर पुन्हा बैठक होती. सहा तासांचा तर प्रश्न.

पाचला पडद्यावर सांगली उघडली. डॉक्टरांनी तिचे गुण वाचून कौतुक केलं. "बघा, मनावर घेतलं की जमतं."

"सर, एक दाखवायचंय," ती म्हणाली आणि दुसरा एक्स-रे पडद्यावर लावला. शेजारी सकाळचा रिपोर्ट, सहीसकट. "मशीन नाही म्हणालं. तुम्हीही नाही म्हणालात. नऊ मिनिटांत."

कोणी हसलं नाही. वीरधवल खुर्चीत मागं सरकला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सतरा वर्षांत त्यांचा चेहरा असा उतरलेला तिनं पहिल्यांदा पाहिला, आणि डोळे भरून पाहिला.

मग त्यांनी विचारलं, "हा कधी काढला?"

"सकाळी नऊ एकोणीसला."

"आणि बाई कुठंय?"

 तिनं फोन उचलला.

जोतीरामचा फोन पहिल्यांदा पूर्ण वाजला आणि बंद पडला. दुसऱ्यांदाही तसंच. तिकडून डॉक्टर कुणाला तरी म्हसवडच्या दवाखान्याचा नंबर शोधायला सांगत होते. पाच सव्वीसला फोन उचलला गेला, पण आवाज जोतीरामचा नव्हता. शेजारची कुणी बाई होती.

"जोतीराम न्हाईत. गाडी बघाय गेल्यात. म्हातारी गोठ्यात पडलीय परत, उठंना झालीय. तुमी कोन?"

संयोगितानं नाव सांगितलं. पलीकडं कुणीतरी हाक मारली, आणि फोन कट झाला. पावणेसहापर्यंत तो परत लागला नव्हता.