निकाल लागला की जाऊ

अहो, बोट काढा आधी! जो तो आला की माझ्या पोटात बोट खुपसतो. हं, आता ऐका. मी नकाशा बोलतोय. ज्या देशाचा मी नकाशा, तो इथून दोन विमानं बदलण्याइतका लांब आहे, पण त्याच्या सगळ्या कटकटी माझ्याच माथी.

माझा जन्म तिकडच्या एका छापखान्यातला. पाठीला कापड, वर-खाली लाकडी दांडी, चांगला शाळेत लागायचा होतो. पण पाट्या रंगवणाऱ्या एका तरुण पेंटरने मला विकत घेतलं आणि नव्या नवरीच्या चादरीत गुंडाळून परदेशी आणलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. स्वयंपाकाच्या ओट्यासमोर मला टांगलं, तेव्हापासून तेलाचा धूर खातोय.

तेही चाललं असतं हो. पण पेंटरला एक खोड आहे. तिकडे सरकार बदललं की गावांची नावं बदलतात. राजधानीला आधी राजाचं नाव होतं. राजाला हाकलणाऱ्यांनी आपल्या पुढाऱ्याचं दिलं. मग लष्कर आलं, त्यांनी सेनापतीचं दिलं. लष्कर गेलं, तेव्हा आणखी कुणाचं तरी. दर वेळी हे महाशय कागदाची पट्टी कापतात, बारीक ब्रशने सुरेख अक्षरात नवं नाव काढतात आणि जुन्यावर चिकटवतात. "नकाशा कसा ताजा हवा!" म्हणे. ताजा कसला? राजधानीच्या जागी मला टेंगूळ आलंय!

त्यात समोरचा न्हावी. तोही तिकडचाच, पण दुसऱ्या पक्षाचा. निवडणूक जवळ आली की दुकान बंद करून रोज संध्याकाळी हजर. चहा पेंटरचा, खुर्ची पेंटरची, आणि शिव्याही पेंटरच्याच पक्षाला.

"धरण कुणी बांधलं? सांग ना, कुणी बांधलं?" न्हावी माझ्या नदीवर बोट आपटतो.

"आणि चौकात गोळीबार कुणी केला?" पेंटर टेंगळावर बोट आपटतो.

"ते सोड. धरण कुणी बांधलं?"

झालं! न्हाव्याच्या देशाचा इतिहास धरणापासून सुरू होतो, पेंटरचा गोळीबारापासून. त्याआधी जणू तिथे माणूसच राहत नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत रे बाबांनो, दोन्ही माझ्याच अंगावर घडल्यात! पण माझं ऐकतो कोण? ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय.

या गदारोळात पेंटरची बायको गुपचूप भांडी घासत असते. ती म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करते. परक्यांच्या आयांना भरवते, त्यांची वेणी घालते, आणि तिची स्वतःची आई तिकडे. दर वर्षी ती विचारते, "अहो, आईला भेटायला कधी जायचं?" आणि दर वर्षी उत्तर एकच. "निकाल लागला की जाऊ."

निकाल लागतो. न्हाव्याचा पक्ष आला, तर "यांच्या राज्यात मी पाऊल ठेवणार नाही." कुणालाच बहुमत नाही, तर "जरा स्थिर होऊ दे." की येरे माझ्या मागल्या! एवढ्या वर्षांत तिची आई म्हातारी झाली, पण यांचं राजकारण काही स्थिर होईना.

यंदा ऐन प्रचारात तिच्या बहिणीचा फोन आला. आई माणसं विसरायला लागली होती. धाकटीलाच थोरली समजत होती.

बायकोने ओटा पुसता पुसता सांगितलं, "या वेळी कुणीही येवो, जायचं म्हणजे जायचं. तिने मला ओळखायला हवं."

"अगं, निकाल लागला की निघूच," पेंटर म्हणाला. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

आणि काय सांगू, पेंटरचाच पक्ष निवडून आला! दणदणीत! न्हावी चहा न पिताच उठला. पेंटरने घरभर नाचून घेतलं आणि लगेच डिंकाची बाटली शोधायला लागला. बायकोने माळ्यावरून बॅग काढली.

"आता बॅग कशाला?"

"तुमची माणसं आली ना? निघूया."

"अगं हो, पण शपथविधी तरी होऊ दे. मंत्रिमंडळात कोण कोण येतंय..."

तिने बॅग धाडकन जमिनीवर आपटली. "बास झालं! तुम्हाला तो देश भिंतीवरच बरा वाटतो. माझी आई तिथे खाटेवर आहे. तुम्ही बसा मंत्री मोजत. मी चालले."

आणि गेली हो एकटीच! विमानतळावर सोडायला कोण गेलं? न्हावी. पेंटर दारात ब्रश घेऊन उभा.

मघाशी तिचा फोन आला. तिचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता. "पोचले. आईने ओळखलं. नाव घेऊन हाक मारली मला." मला तर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पेंटर फोन हातात घेऊनच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "अगं, तुझं गाव नक्की येतं कुठे?"

"इतका संसार झाला आणि आता विचारताय?"

"लग्नाला आलो होतो, पण गाडीतून बाहेर कुठे बघितलं? सांग ना."

"नदी धरून वर या. धरणाच्याही वर." त्याचं बोट निघालं. "फाटा फुटतो, तिथे डावीकडे."

डावीकडे बोट फिरत राहिलं. तिथे माझ्यावर काहीच छापलेलं नाही. सेनापतींसाठी पट्ट्यांवर पट्ट्या चढल्या, पण जिथे ती वाढली तिथे एक ठिपका नाही. आणि त्याला आजवर त्याची गरजही वाटली नव्हती. बोट तिथेच थांबलं.

"मी येऊ?" तो म्हणाला.

ती म्हणाली, "आता कसल्या निकालाची वाट बघू नका म्हणजे झालं."

तो अजून उभाच आहे. अरे जा ना, बाबा! चप्पल घाल आणि नीघ एकदाचा. माझ्याकडे काय बघत बसलायस? मी देश नाही रे, मी कागद आहे.